बिब्बा उतलाय

भाच्याचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा आई गवार मोडत बसली होती. आमची रविवारची सकाळ, त्याची शनिवारची रात्र. आदल्या आठवड्यात तो मित्रांबरोबर कुठल्याशा डोंगरात भटकून आला होता. परत आल्यावर काही नव्हतं. दोन दिवसांनी हात खाजायला लागला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मनगटापासून कोपरापर्यंत पाणी भरलेले बारीक फोड, तेही एका सरळ रेषेत. त्याने हात कॅमेऱ्यासमोर धरला. आईने चष्मा पुसला, फोन डोळ्यांशी नेला आणि विचारलं, "गेलास कधी आणि उठलं कधी?" त्याने सांगितलं. "दोन दिवसांनी ना? मग बिब्बा उतलाय तुला. झाडाखालून गेला असशील." पलीकडे हशा पिकला. "आजी, न्यू जर्सीत कुठला बिब्बा! डॉक्टर म्हणाली पॉयझन आयव्ही आहे. वेल असते ती." "असेल वेल," आई म्हणाली, "तीळ आणि ओलं खोबरं वाटून लाव," आणि तिने पुन्हा गवार पुढे ओढली.

मला ते दिवसभर टोचत राहिलं. पॉयझन आयव्ही हे नावसुद्धा आईने त्या क्षणापर्यंत ऐकलेलं नव्हतं. तिने झाडाची चौकशी केली नाही, पानं कशी होती विचारलं नाही. मध्ये किती दिवस गेले, एवढंच विचारलं आणि निदान करून मोकळी झाली. रात्री मी वाचत बसले. त्या वेलीच्या चिकात जे आहे आणि आपल्या बिब्ब्याच्या सालीत जे आहे, ती रसायनं एकाच घडणीची निघाली. इतकी सख्खी, की एकीने चिडलेलं अंग दुसरीला पाहूनही चिडतं. अमेरिकेतली डॉक्टर आणि वाईची म्हातारी एकच गोष्ट सांगत होते.

बिब्बा आमच्या घरात माझ्या आजीच्या ताब्यात असे. फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक पितळी डबी, तिच्यात राख आणि राखेत पुरलेले पाच-सहा बिब्बे. काळे, चपटे, बदामाएवढे, हाताला गुळगुळीत. डबीला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही. थंडीत शेतावरचे गडी टाचांच्या भेगा घेऊन यायचे. नांगरटीच्या दिवसांत त्या भेगा इतक्या खोल जात की आत रक्त दिसे. दिवेलागण झाली की आजी परसात चिमणी लावून बसायची, एक बिब्बा दाभणाला टोचायची आणि ज्योतीवर धरायची. आधी नुसताच धूर. मग साल चुरचुरायला लागे, फुगे आणि तिच्यातून काळसर तपकिरी तेलाचा थेंब बाहेर येऊन टोकाशी लोंबकळे. वास उग्र, नाकात बसणारा, जळक्या खोबऱ्यात डांबर मिसळल्यासारखा. आजीने तोवर भेगेच्या दोन्ही काठांना खोबरेल चोपडलेलं असायचं. थेंब पडायचा तो नेमका भेगेत, काठावर नाही. गड्याच्या तोंडून एक दीर्घ 'स्स' आणि झालं. वर चुना. काट्याने कुरूप झालं असेल तरी हेच.

पण त्याआधी एक चौकशी असे. "कुणाकुणाला सोसत नाही?" हे आजी मोठ्याने विचारायची आणि माझी धाकटी आत्या उठून माडीवर जायची. तिला बिब्बा शिवावाही लागत नसे. परसात तापवला की धुरानेच तिचे डोळे सुजत. एकदा तर घरात बिब्बा तापवल्याचं कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि दोन दिवसांनी तिचं तोंड असं काही भरून आलं की पाहायला आलेल्या मंडळींना परत पाठवावं लागलं. (पुढे ते स्थळ जमलं नाही. बिब्ब्याने खरोखरीच बिब्बा घातल्याचं आमच्याकडचं हे एकमेव उदाहरण.) आजोबांना खोकल्याची ढास लागली की तापलेल्या बिब्ब्याचे मोजके थेंब दुधात पडत. दूध पिण्याआधी त्यांच्या ओठांना, जिभेला, टाळ्याला तुपाचा हात फिरवलेला असे आणि ते दूध घोट न घोळवता घशाखाली जायचं. त्या दिवसांत उन्हात जायचं नाही, तिखट खायचं नाही. लहान मुलांना हा प्रकार कधीच नाही. तूप कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "तोंड सोलपटू नये म्हणून." मी बराच काळ हे तिचंच डोकं समजत होते. पुढे कळलं की भल्लातकाचं, म्हणजे बिब्ब्याचं, रसायन द्यायचं तर तोंडाला आतून तूप लावून द्या, हे चरकसंहितेतच आहे. तिथे हे फळ आगीसारखं म्हटलंय आणि विधीप्रमाणे वापरलं तर अमृतासारखंही.

आग म्हणजे नेमकं काय, ते रसायनशास्त्र सांगतं. बिब्ब्याच्या सालीच्या आत, बीच्या बाहेर, पोकळ्यांचं जाळं असतं, तिथे हे तेल साठतं. त्यातल्या मुख्य द्रव्यांना भिलावनॉल म्हणतात. रचना साधी. डोक्याशी सहा कार्बनचं कडं, त्याला शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल आणि मागे पंधरा कार्बनची लांबलचक शेपटी. सगळा उपद्व्याप या जोडणीत आहे. शेपटी तेलकट, त्यामुळे कातडीच्या स्निग्ध थरातून हे द्रव्य पाहता पाहता आत उतरतं. पाण्याने नुसता हात धुतला तर जात नाही, साबण लागतो आणि तोही लगेच. आत गेल्यावर डोक्याकडच्या भागाचं ऑक्सिडीकरण होतं आणि तो आपल्याच त्वचेच्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. आता हे प्रथिन शरीराला आपलं वाटत नाही. पहिल्या गाठीला बहुधा काहीच दिसत नाही. अंग नुसती नोंद करून ठेवतं, लग्नात मानपान चुकल्यावर तेव्हा हसून घेणाऱ्या विहिणीसारखी. पुन्हा गाठ पडली की मात्र त्या नोंदीप्रमाणे पांढऱ्या पेशी धावून येतात आणि रागाच्या भरात आपलीच कातडी जाळतात. त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात. आईने विचारला तो प्रश्न हाच होता.

म्हणजे खरं तर बिब्बा भाजत नाही. भाजतो तो आपणच. मला यातली सगळ्यात मजेची वाटली ती गोष्ट अशी, की हे विष बहुतेक इतर प्राण्यांच्या गावीही नसतं. पॉयझन आयव्हीची पानं हरणं आणि बकऱ्या खुशाल खातात, फळं पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. तेव्हा हे माणसाला दूर ठेवायला निसर्गाने योजलंय वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. झाडाला जखम झाली की हा चीक बाहेर येतो, हवेने काळा पडून घट्ट होतो, भोक बुजवतो, बुरशीला थोपवतो. झाडाचं आपलं घरकाम. आपण त्यात हात घालतो आणि मग एक तर त्याला औषध म्हणतो नाही तर विष.

या कुळाशी आपली घसट किती, हे त्या रात्री मोजायला लागले तेव्हा हसूच आलं. श्रीखंडावर पेरतो ती चारोळी आणि पिस्ते, दोन्ही या घरचे. काजू यातला. आणि आंबा! माझं आजोळ राजापूरकडचं. मे महिन्यात आम्हा घाटावरच्या पोरांच्या ओठांच्या कोपऱ्यांना चिरा पडत, हनुवटीवर पुरळ उठे आणि मामी म्हणायची, "देठ न कापता चोखलान, भोगा आता." आंब्याच्या डेखातून उडतो तो चीकही याच जातकुळीचा, जरा सौम्य. फळावर ओघळला तर सालीवर काळे चट्टे पाडतो आणि मग तो हापूस पेटीत जात नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबे उतरवायचा नूतन झेला काढला त्याचं एक कारण हे. साध्या झेल्याने हिसका देऊन आंबा उतरवला तर देठ मुळापासून तुटतो आणि चीक उसळतो. नूतन झेल्याला पातं आहे, ते थोडा देठ ठेवून कापतं. मामाने तो आणल्यावर मामीचं पहिलं वाक्य होतं, "गड्यांचे हात तरी वाचले."

काजूची कथा याहून मोठी. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून ते झाड गोव्याच्या किनाऱ्यावर आणलं आणि त्याच्याबरोबर त्याच्या टरफलातलं तेलही आलं. वेंगुर्ल्याकडच्या एका कारखान्यात मी पाहिलंय. वाफवलेल्या बिया पायाने दाबायच्या कातरीत धरून बायका टरफल उघडतात आणि ताटलीशेजारी एक वाटी खोबरेलाची, एक राखेची. हात आधी तेलात, मग राखेत, मग काजूवर. तरी बोटांची टोकं काळी आणि नखांजवळची कातडी सोललेली. गंमत म्हणजे त्या टरफलाच्या तेलाला जगभर गिऱ्हाईक आहे. त्यापासून राळ बनते, रंग आणि व्हार्निश बनतात आणि उष्णतेत टिकते म्हणून गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ती भुकटीच्या रूपाने जाते. करूळचा घाट उतरताना ड्रायव्हर ब्रेक दाबतो तेव्हा कदाचित काजूचंच टरफल घासलं जात असेल. मला त्या घाटात दरवेळी याची आठवण होते आणि शेजारच्या प्रवाशाला सांगावंसं वाटतं. सांगत नाही.

कपड्यांचं सांगितलं पाहिजे. आमचा परीट दादांच्या शर्टाच्या कॉलरीला आतून खूण करायचा, दोन टिंबं आणि एक फुली. सुईने बिब्बा टोचायचा, तेच टोक कापडावर टेकवायचं आणि वर चुन्याचं बोट. चुन्याने खूण झटकन काळी होते आणि मग ती कशानेच जात नाही. शर्ट विरून पायपुसणं झाला तरी फुली ठसठशीत. इंग्रजीत या फळाला खुणेचंच नाव आहे. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर चमत्कारिक चट्टे उठायला लागले. लष्करी डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा चट्टे नेमके धोब्याची खूण जिथे टेकते तिथे निघाले. कपडे उकळून, आपटून, वाळवून आलेले, तरी त्या टिंबातलं द्रव्य शाबूत होतं. यातल्या कित्येकांची लहानपणी घरच्या कुंपणावरल्या पॉयझन आयव्हीशी गाठ पडलेली असणार आणि अंगाने नोंद करून ठेवलेली असणार, असा माझा अंदाज. तिकडची पोरं इकडे येऊन आमच्या बिब्ब्याने उतली, आणि ऐंशी वर्षांनी इकडचा पोरगा तिकडे त्यांच्या वेलीने.

जपानने याच चिकाचं काय केलं ते पाहिलं की मात्र थक्क व्हायला होतं. तिथलं उरुशीचं झाड पॉयझन आयव्हीचं सख्खं भावंड आणि चिकातलं द्रव्य तेच, उरुशिऑल. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की सालीवर आडव्या चिरा देऊन चीक गोळा करतात. एका झाडाचा मोसमभराचा चीक सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे आपला एक पेला. तो लाकडी वाडग्यावर पातळ थरात फासायचा आणि वाळवायला ठेवायचा तो उन्हात नाही, दमट कपाटात. कारण चिकातच एक विकर असतं, त्याला काम करायला दमटपणा लागतो. ते उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफून टाकतं. १८८३ साली हिकोरोकुरो योशिदा यांनी त्या विकराचा माग काढला. थर एकदा पक्का झाला की त्यातलं विष उरत नाही, त्याच वाडग्यातून लोक गरम सूप पितात. काळ्या-लाल झिलईचे ते वाडगे पाहताना कुणाला वाटणार नाही की कच्च्या अवस्थेत याच चिकाने कारागिराचे हात सुजतात. मुरलेल्या कारागिरांना म्हणे पुढे पुढे त्रास होत नाही. अंग नाद सोडून देतं.

एवढं सगळं वाचून बिब्ब्याचं कौतुक वाटायला लागलं होतं, पण त्याची दुसरी बाजूही मला ठाऊक आहे आणि ती आजीच्या डबीतूनच येते. आमच्या गल्लीतल्या एका बाळंतिणीचं तान्हं पोर पोट फुगून रडत होतं. कुणा जाणत्या बाईने त्याच्या बेंबीभोवती बिब्ब्याच्या फुल्या मारल्या. ते पोर वाचलं. पोटावरच्या चार फुल्या मी त्याच्या मुंजीत पाहिल्या, कातडी चकचकीत आणि आवळलेली. अशी सगळीच वाचत नाहीत. बालरोगतज्ज्ञ अजूनही अशी भाजलेली तान्ही पाहतात. दिवस जाऊ नयेत म्हणून, गेलेले पाडावेत म्हणून बायकांना बिब्बा देत, त्यात बायका मेल्या. न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत तर बिब्ब्याला स्वतंत्र जागा आहे. मार खाल्ल्याचा बनाव करायचा असेल तर लोक बिब्ब्याचा रस अंगाला चोळत आणि चौकीवर जात. खऱ्या मुक्या माराला खाज नसते, बिब्ब्याच्या डागाला असते. त्याच्या कडेला बारीक फोड येतात, रोग्याच्या नखांत रस सापडतो आणि डाग नेहमी अशाच जागी असतात जिथे स्वतःचा हात पोचतो. पोलीस सर्जनसाठी छापलेलं हे सगळं वाचताना मला आजीची आठवण झाली, ती असती तर लांबूनच म्हणाली असती, "खोटं आहे, खाजवतोय बघा."

म्हणून 'आमच्या उत्पादनात एकही केमिकल नाही, सगळं वनस्पतींचं' असं छापलेली बाटली दिसली की माझं डोकं फिरतं. मध्यंतरी एका प्रदर्शनात टाचांच्या भेगांचं मलम विकायला बसलेली मुलगी मला सांगत होती, "मॅम, नॅचरल आहे, काहीच होणार नाही." काहीच होणार नसेल तर भेगा तरी कशा जाणार, हे मी तिला विचारलं नाही. तिचा काय दोष. पण आयुर्वेदाने ही लबाडी कधी केलेली नाही. बिब्बा औषधात घालायचा तर आधी त्याचं शोधन. विटेच्या चुऱ्यात घोळवायचा, चुरा तेल पिऊन घेतो, मग धुवायचा, तेही हाताला खोबरेल लावून. आजच्या कायद्यातही औषध आणि सौंदर्यप्रसाधन नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, तिच्यात अफू, धोतरा, बचनाग यांच्या पंगतीला भल्लातक बसलेला आहे. तो असलेल्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. आपल्या घरोघरी असलेल्या संजीवनी वटीत बचनाग आणि बिब्बा दोन्ही असतात. नाव मात्र संजीवनी.

कॉलनंतर काही दिवसांनी मंडईजवळ फुटपाथवर सुया, दाभणं, फण्या, काळे मणी मांडून बसलेली बाई दिसली. एका सुपलीत बिब्बे. मी दोन मागितले.

"कशाला?"

"टाचेला."

"लावणार कोण? घरात कुणी जाणतं हाय का?"

"आई आहे."

"वय किती? हात कापतो का तिचा?"

आईचा हात कापतो. कपातला चहा बशीत सांडतो. मी तसं म्हटलं तेव्हा तिने सुपली मागे ओढली. "मग ऱ्हाऊ दे. दाराला बांधायचा पायजे तर घेऊन जा." तारेत लिंबू, मिरच्या आणि खाली एक बिब्बा ओवलेला होता, तो तिने पुढे केला. सुया विकणारी बाई गिऱ्हाईक परत पाठवते, तेही दोन बिब्ब्यांसाठी. घरी सांगितल्यावर आई जरा घुश्शात होती. हात कापतो हे बाहेर सांगायची काय गरज, असं तिचं म्हणणं. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "बरोबर आहे तिचं."

दिवाळीच्या सुमारास भाऊ इकडे येऊन परत जाणार होता. आईने भाच्यासाठी डिंकाचे लाडू करायचं ठरवलं आणि डिंकाच्या लाडवात गोडंबी ही आलीच. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतलं बी, पांढरं, मऊ, बदामापेक्षा गोडसर. बीमध्ये ते जाळणारं तेल नसतं, पण फोडताना टरफलाचं बोट लागलं असेल तर? मी आईला १९८२ ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात काजूची पाकिटं विकली गेली, त्यांत टरफलाचे तुकडे राहिले होते आणि पन्नासहून जास्त लोकांच्या अंगावर पुरळ उठलं. आयव्हीने आधीच नोंद केलेल्या अंगांना काजूचं तेवढं टरफल पुरलं. भाच्याच्या अंगात ती नोंद आता झालेली आहे. "मग त्याच्या लाडवांत बदाम घाल," आई म्हणाली. "पण बाकीच्यांना गोडंबीच. बदामाच्या लाडवाला डिंकाचा लाडू म्हणू नका."

त्याच सुमारास वाशीम जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीकडे जाणं झालं. गोडंबी दुकानातून कशाला घेतेस, म्हणत ती मला गावातल्या एका घरी घेऊन गेली. ओसरीवर तिघी बायका बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे एक सपाट दगड आणि भाजलेल्या बिब्ब्यांचा ढीग. डाव्या हाताच्या चिमटीत बिब्बा उभा धरायचा, उजव्या हाताने लोखंडाचा एकच ठोका. जोरात बसला तर बी चिरडतं, हळू बसला तर साल फुटत नाही. ठोक्यासरशी तेल उडतं. त्यांच्या हातांना राख फासलेली, पदर नाकावरून बांधलेला, तरी कोपरापर्यंत काळे ठिपके आणि एकीच्या पापणीवर जुना डाग. दिवसभर ठोकून हाताशी येते ती टोपल्याच्या तळाला गोडंबी. टरफलं बाजूला पडत होती, त्यांचं तेल काढणारा व्यापारी वेगळा येतो. जंगलातून बिब्बे वेचणारे वेगळे, भाजणारे वेगळे. बिब्ब्यातलं सगळ्यात मऊ जे आहे ते आपल्या लाडवात आणि उरलेलं सगळं या ओसरीवर.

मी विचारलं, उतत नाही का? त्यातली थोरली हसली. "पयले उतला. लय उतला. आता काई होत नाई आमाले." मग आत बोट दाखवून म्हणाली, "पोरीले उतते. तिले हात लावू देत नाई. ते शाळेत जाते."

मी अर्धा किलो घेतली. तिने सांगितलेला भाव पुण्यातल्या दुकानापेक्षा खूपच खाली होता. वर पैसे द्यावेत असं वाटलं, तेवढ्यात मैत्रिणीने दंड दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू एकदा देऊन जाशील. उद्या व्यापारी तिला विचारेल, पुण्याच्या बाईला परस्पर माल का दिलास म्हणून. त्याची उचल घेतलीय तिने." उचल कशासाठी घेतली होती तेही तिने वाटेत सांगितलं. पोरीच्या शाळेसाठी.